परदेशी लॉटरीच्या पत्रावर बाबांचा अजून विश्वास आहे. कसं समजावू?

रानजाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

माझे बाबा ७४ वर्षांचे. हिशेबाला पक्के. कुणाचा पैसा बुडवला नाही आणि स्वतःचा कुणाला बुडवू दिला नाही. दीड महिन्यापूर्वी त्यांना ईमेल आली की ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत तुमचा ईमेल पत्ता निवडला गेलाय, बक्षीस साडेसात लाख पौंड. घरात कुणाला बोलले नाहीत, कारण पत्रातच ठळक अक्षरात लिहिलंय की दुहेरी दावे टाळण्यासाठी रक्कम हाती येईपर्यंत गुप्तता पाळावी. मग 'दावा अधिकारी' म्हणवणाऱ्या माणसाचे फोन सुरू झाले. आधी नोंदणी शुल्क, मग पौंडांचे रुपये करण्याचं शुल्क, मग 'दहशतवादविरोधी प्रमाणपत्र'. तीन वेळा मिळून १ लाख ८६ हजार रुपये गेले.

आता चौथी मागणी आहे, कस्टम्सची. त्यासाठी ते मुदत ठेव मोडायला निघाले. ठेवीवर माझंही नाव असल्यामुळे मला मेसेज आला आणि सगळं उघडकीला आलं.

मी तेव्हा फार वाईट बोलले. 'इतके शिकलेले असून असे कसे फसलात' असं तोंडावर म्हणाले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि त्या माणसाशी मात्र रोज बोलतात. त्यांचं म्हणणं एकच, शेवटच्या पायरीवर आलोय, आता सोडलं तर आधीचेही गेले. त्यांच्याकडे रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र आहे. त्यांच्या नावाचा 'विजेता क्रमांक' आहे.

पैसे परत मिळू शकतात का? आणि त्याहून मोठा प्रश्न, त्यांना पटवू कसं?

जुनाकारकून

ताई, आधी हे वाचताय तिथून उठा आणि १९३० ला फोन लावा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे. तिथे लागला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. तीन वेळा पैसे गेले त्या प्रत्येक वेळची तारीख, रक्कम, कोणत्या खात्यात गेले आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), एवढं एका कागदावर लिहून हाताशी ठेवा. बाबांच्या बँकेलाही आजच लेखी कळवा आणि पोच घ्या.

घाई का, ते सांगतो. मी शाखेत परकी चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. अशा प्रकरणात पैसा लंडनला वगैरे जात नाही. तो जातो इथल्याच कुठल्या तरी साध्या बचत खात्यात, तिथून दोन-चार खात्यांत फुटतो आणि एटीएममधून निघतो. वाटेत कुठे अडकलेला सापडला तर तेवढी रक्कम गोठवता येते. निघून गेल्यावर तपास चालू राहतो, पैसा मात्र क्वचित हाती लागतो. शेवटचा हप्ता कधी दिला, त्यावर बरंच अवलंबून आहे. सगळे परत येतील असं मी म्हणणार नाही.

आणखी एक. ईमेल, व्हॉट्सॲप, कॉलची यादी, काहीही पुसू देऊ नका. रागाच्या भरात घरचेच लोक सगळं डिलीट करतात आणि पुरावा जातो.

रानजाई

धन्यवाद काका. शेवटचा हप्ता अकरा दिवसांपूर्वीचा आहे. तक्रार नोंदवायला बाबा तयारच नाहीत. 'पोलिसांकडे गेलात तर बक्षीस रद्द होतं' असं त्यांना सांगून ठेवलंय.

उत्तरायण

मी ब्रिटनमध्ये राहतो, म्हणून फक्त इथल्या लॉटरीपुरतं लिहितो. वडिलांना वाद न घालता दाखवता येतील अशा या गोष्टी आहेत.

इथल्या राष्ट्रीय लॉटरीत ईमेल पत्त्यांची सोडत नसते, मोबाइल क्रमांकांचीही नसते. तिकिटावरच्या आकड्यांची असते. तिकीट काढलं नाही त्याला बक्षीस लागायला जागाच नाही. दावा करायला सोडतीपासून १८० दिवस मिळतात, त्यामुळे 'आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर रक्कम सरकारजमा' हा धाक खोटा. आणि बक्षीस घेण्यासाठी कसलंही शुल्क नाही. विजेत्याने द्यायचं नसतं, घ्यायचं असतं.

कराबद्दल विशेष सांगतो, कारण पुढचा हप्ता बहुधा त्याच नावाने मागतील. ब्रिटनमध्ये लॉटरीच्या बक्षिसावर प्राप्तिकरच नाही. जिथे आहे तिथेही तो बक्षिसातून कापून उरलेली रक्कम देतात. स्पेनमध्ये ४० हजार युरोंच्या वरच्या रकमेवर २० टक्के कापतात. भारतातल्या लॉटरीवर ३० टक्क्यांची कपातही देणाराच करतो. विजेत्याने आधी खिशातून कर भरायचा आणि मग बक्षीस, असा उलटा व्यवहार मला तरी कुठल्या खऱ्या लॉटरीत दिसलेला नाही.

पत्राखाली संचालक कंपनीचं नाव काय आहे, बघून सांगाल?

रानजाई

कॅमलॉट.

उत्तरायण

मग हेही त्यांना दाखवा. १९९४ साली ही लॉटरी सुरू झाल्यापासून ती कॅमलॉट चालवायची हे खरं, पण १ फेब्रुवारी २०२४ पासून ती ऑलविन या दुसऱ्या कंपनीकडे आहे. पत्र या वर्षीचं असेल तर ते जुन्याच साच्यावर तारीख बदलून पाठवलेलं आहे.

शाईपेन

स्पेनचं नाव निघालं म्हणून. 'एल गोर्दो'च्या नावाने येणारी पत्रंही याच जातीची. ती नाताळची सोडत १८१२ पासून चालत आलेली आहे, २२ डिसेंबरला असते. सान इल्देफोन्सो शाळेची मुलं पाच आकडी क्रमांक गाऊन सांगतात. कागदी तिकिटावर विकत घेणाऱ्याचं नाव नसतं, ज्याच्या हातात तिकीट त्याचं बक्षीस. कोण जिंकलं ते आयोजकांना तिकीट समोर येईपर्यंत कळत नाही. मग ते तुम्हाला ईमेल कुठून पाठवणार?

या फसवणुकीचं मूळ लॉटरीहून जुनं आहे. १९व्या शतकात 'स्पॅनिश कैदी' नावाची पत्रं फिरायची. कुणी श्रीमंत माणूस परदेशात तुरुंगात अडकलाय, सोडवायला थोडी मदत करा, सुटला की खजिन्यात वाटा. नायजेरियाच्या गुन्हेविषयक कायद्यातल्या ४१९ व्या कलमावरून पुढे या प्रकाराला 'फोर-वन-नाइन' म्हणायला लागले. सोंग दर वेळी नवं, पण मोठी रक्कम मिळण्याआधी छोटी रक्कम द्यायची हे काही बदललेलं नाही.

या पत्रांत इतक्या ढोबळ चुका का असतात, यावर मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एक निबंध लिहिला होता. ज्यांना शंका येणार ते पहिल्याच ओळीत गळून पडावेत आणि ठगाने फोनवर घालवलेला वेळ वाया जाऊ नये, असा त्याचा मथितार्थ.

वाटसरू

शाईपेन, हर्लींचा मुद्दा पटतो, पण त्यातून 'जो उत्तर देतो तो मूर्ख' असा अर्थ लोक काढतात आणि तिथेच घात होतो. माझ्या आत्याला आलेलं पत्र मी पाहिलंय. त्यात एकही चूक नव्हती. भाषा सरकारी, शिक्का ठसठशीत, खाली दोन सह्या. आत्या शाळेत गणित शिकवायची. तिला बक्षिसाचा हव्यास नव्हता, नातीच्या शिक्षणाची काळजी होती. फोनवरच्या माणसाने पहिल्या आठवड्यात पैशांचा विषयसुद्धा काढला नाही. तब्येत विचारली, नातीचं नाव विचारलं, पुढच्या फोनवर ते नाव घेऊन चौकशी केली. आम्ही कुणी तिला इतक्या वेळा फोन करत नव्हतो. हे लिहिताना आजही घसा दाटतो.

रानजाई, तुमचे बाबा त्या माणसाशी रोज बोलतात असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबलो. पैसे परत मिळवणं ही एक गोष्ट. पण तो माणूस आणि बाबा यांच्यामध्ये तुम्हाला जागा करून घ्यावी लागेल, आणि ती भांडून होणार नाही. आम्ही भांडलो. आत्याने आम्हाला न सांगता आणखी दोन हप्ते भरले.

'कुणाला सांगू नका' ही अट मला सगळ्यात मोठी खूण वाटते. शुल्काहूनही मोठी. खरी लॉटरी फार तर विजेत्याला नाव गुप्त ठेवायची मुभा देते, घरच्यांपासून लपवायची सक्ती करत नाही. ती सक्ती ठगालाच लागते, कारण शेजारी बसून पत्र वाचणारा दुसरा माणूस त्याला परवडत नाही.

जुनाकारकून

वाटसरूंच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द खरा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या पत्राबद्दल लिहायचं राहिलं. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं उघडत नाही, कुणाचं बक्षीस सांभाळून ठेवत नाही आणि ते सोडवायला शुल्क मागत नाही. हे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीर केलंय. पत्रावर गव्हर्नरांची सही असली तरी ती चिकटवलेली समजा.

बँकांना तर २६ मे २०१० चं परिपत्रकच आहे. परदेशी लॉटरीत भाग घ्यायला किंवा असं बक्षीस सोडवून घ्यायला कुठल्याही रूपात पैसे पाठवणं परकी चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, चालत नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. व्यक्तींच्या नावाने इथल्या शाखांत खाती उघडून हे पैसे गोळा केले जातात, तेव्हा सावध राहा, असंही त्यात बजावलंय. म्हणजे 'रिझर्व्ह बँकेने मंजूर केलेली परदेशी लॉटरी' हे शब्दच एकमेकांशी जुळत नाहीत.

मात्र हा कायदा बाबांना धमकी म्हणून ऐकवू नका. 'तुम्हीच गुन्हा केलात' असं कानावर गेलं की माणूस तक्रारीपासून आणखी लांब पळतो. ठगही पुढे नेमकं हेच सांगतात, की आता तुमच्यावरच केस होईल, मिटवायला इतके भरा.

त्याऐवजी एक साधा प्रश्न शांतपणे विचारा. पैसे ज्या खात्यांत भरले ती कुणाच्या नावावर होती? सरकारी शुल्क खासगी माणसाच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर कसं जातं? तीन हप्ते बहुधा तीन वेगळ्या नावांवर गेले असतील.

रानजाई

तीन वेगळीच नावं आहेत. एका बाईचं, दोन पुरुषांची. बाबांना विचारलं तर म्हणाले, 'ते त्यांचे एजंट आहेत.' प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार आहे.

कोरीपाटी

मी अमेरिकेत आहे, इकडचा वेगळा प्रकार सांगते. इथे ते विजेत्याला आधी खराखुरा दिसणारा चेक पाठवतात. हा बक्षिसाचा पहिला भाग, यातून कर भरा आणि तेवढी रक्कम आम्हाला पाठवा. चेक भरल्यावर दोन-तीन दिवसांत खात्यात रक्कम दिसते, म्हणून लोक निर्धास्त होऊन पैसे पाठवतात. बनावट चेक परत यायला कधी कधी काही आठवडे लागतात आणि तोवर पाठवलेले पैसे खातेदाराच्या अंगावर येतात. 'पैसे खात्यात दिसले' म्हणजे 'चेक वटला' नव्हे, एवढं जरी माणसाला माहीत असलं तरी पुष्कळ वाचतं.

जमैकातून येणारे फोनही इथे कुप्रसिद्ध आहेत. त्यांचा ८७६ हा कोड अमेरिकेतलाच वाटतो, कारण दोन्हीकडे देशाचा आकडा १ च. हा उच्छाद इतका वाढला की जमैकाने २०१३ साली खास लॉटरी फसवणुकीसाठी कायदा केला.

शाईपेन

वाटसरू, माझा सूर चुकला असेल तर माफ करा. आत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं.

रानजाई, कस्टम्सचं एक सांगतो. भारतात कस्टम्स विभागाच्या पत्रव्यवहारावर डिन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बाबांच्या नोटिशीवर असा क्रमांक आहे का, आणि असल्यास तो तिथे सापडतो का, हे दोघांनी मिळून बघा. 'खोटं आहे' असं तुम्ही म्हणण्यापेक्षा तपासणारा हात त्यांचाच असू दे.

वाटसरू

मी काल रात्री आत्याची फाइल काढली. तिच्या पत्रावरचा मजकूर इथे देतो, कुणाला जुळवून बघता येईल म्हणून. 'आपला ईमेल पत्ता जगभरातल्या सक्रिय पत्त्यांतून संगणकाने निवडला आहे, आपण तिकीट खरेदी केलेले असणे आवश्यक नाही.' विजेता क्रमांक: यूके / ९४२० / एक्स२ / ६८. रक्कम साडेसात लाख पौंड. तिचं पत्र चार वर्षांपूर्वीचं आहे.

रानजाई

वाटसरू, हात थरथरतोय. तोच क्रमांक आहे. यूके, ९४२०, एक्स२, ६८. रक्कम तीच. वाक्यही तेच.

जुनाकारकून

ताई, आता त्यांना काही समजावू नका. दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांना वाचू द्या.

वाटसरू

आत्याच्या पत्राचा फोटो तिचं नाव-पत्ता झाकून निरोपातून पाठवलाय. तिने स्वतः परवानगी दिली. म्हणाली, 'त्यांना सांग, मीही पाच हप्ते भरलेत.'

रानजाई (दोन दिवसांनी)

उशिरा लिहितेय, क्षमा असावी.

फोटो छापून आणला. बाबांचं पत्र आणि तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, 'बाबा, एका शिक्षिकाबाईंना चार वर्षांपूर्वी हे आलं होतं. मला यातलं नीट कळत नाही, तुम्ही बघता का?' चष्मा लावून त्यांनी दोन्ही कागद ओळीओळीने वाचले. क्रमांकावर बोट ठेवून आधी एकावर, मग दुसऱ्यावर. काही बोलले नाहीत. आत जाऊन झोपले. जेवले नाहीत. त्या माणसाचा फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही.

मी आधीच्या बोलण्याची माफी मागितली. तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'तू म्हणालीस ते मी स्वतःला रोज म्हणत होतो. म्हणून तर थांबता येत नव्हतं.'

काल सकाळी त्यांनी स्वतः १९३० ला फोन केला, मी शेजारी बसले होते. तक्रार क्रमांक मिळाला. बँकेतही जाऊन आलो. तिसऱ्या हप्त्याच्या खात्यात थोडी रक्कम शिल्लक सापडली आहे, ती गोठवली असं कळलंय. किती आणि कधी मिळेल ते अजून सांगितलेलं नाही. पहिले दोन हप्ते गेलेच आहेत.

मग बाबांनी मला वही घेऊन बसवलं. लोकांना उपयोगी पडेल म्हणून इथे लिही म्हणाले. त्यांच्या शब्दांत:

'पहिलं पत्र मला खोटंच वाटलं होतं. मी उत्तर दिलं ते फक्त खात्री करायला. त्या उत्तराने माझा फोन नंबर त्यांच्याकडे गेला. नोंदणीचे पैसे कमी होते, गेले तर गेले असं म्हणून भरले. त्याची पावती आली. पावती आली म्हणून विश्वास बसला. दुसऱ्या वेळी तो माणूसच म्हणाला, साहेब, तुम्ही खात्री करून घ्या, आणि एक नंबर दिला. मी त्या नंबरवर फोन केला. तिथली बाई म्हणाली, हो, तुमची फाइल इथे आहे. तो नंबर त्यानेच दिलेला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या वेळी मला कळलं होतं. पण कळलंय असं मान्य केलं असतं तर दोन हप्ते बुडाले हेही मान्य करावं लागलं असतं.'

हे लिहून घेताना मी मध्ये काही बोलले नाही.

उत्तरायण

बाबांनी सांगितलेली ती नंबरची गोष्ट फार मोलाची आहे. खात्री करायची तर पत्रातला नंबर, पत्रातली लिंक, फोनवरच्या माणसाने दिलेला पत्ता, यातलं काहीच वापरायचं नाही. संस्थेचा नंबर आपण स्वतः दुसरीकडून शोधायचा.

जुनाकारकून

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि एका गोष्टीची तयारी ठेवा. काही दिवसांत किंवा महिन्यांनी फोन येईल की आम्ही सायबर विभागातून, वकिलाच्या कार्यालयातून किंवा परदेशी तपास संस्थेतून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवून घ्यायला इतकं शुल्क. एकदा पैसे भरलेल्यांच्या याद्या हे लोक आपसात विकतात. तक्रारीचा क्रमांक त्याला माहीत असला तरी विश्वास ठेवू नका, थेट पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. पैसे 'स्वीकारायला' पिन टाका म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

बाबांनी ओळखपत्रं पाठवली होती का? त्यांच्या नावाने दुसरीकडे खातं उघडलं गेलं तर उद्या त्यातून दुसऱ्या कुणाचे पैसे फिरतील. तक्रारीत त्याचा उल्लेख करून ठेवा.

रानजाई

पॅन आणि आधार दोन्हीच्या प्रती पाठवल्या होत्या. आज तक्रारीत भर घालायला जातोय. काका, हे सुचलंच नसतं.

कोरीपाटी

बाबांचा ईमेल पत्ता आणि फोन नंबर बदलता आला तर बदला. त्या माणसाला शेवटचं खडसावायचा मोह होतो, तो टाळा. उत्तर गेलं की नंबर चालू आहे हे त्यांना कळतं.

वाटसरू

रानजाई, आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. तिसऱ्या हप्त्याचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं. चार वर्षांत तिने आमच्यापैकी कुणाशी याबद्दल बोलणं केलं नव्हतं. म्हणाली, त्यांना चालणार असेल तर मला एकदा त्यांच्याशी फोनवर बोलायचंय.

रानजाई

बाबांना विचारलं. लगेच हो म्हणाले. नंबर निरोपातून पाठवते. आत्यांना सांगा, चारनंतर कधीही. बाबा साडेतीनपासूनच फोनपाशी बसलेत, दोन्ही पत्रं समोर ठेवून.